कर्णबधिर मुलांच्या वर्गात स्मार्ट क्लासरूम पॅकेज: वर्षभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आमच्या शाळेत सीएसआरमधून (कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशांतून) स्मार्ट क्लासरूमचं पॅकेज बसलं त्याला आता एक शैक्षणिक वर्ष होऊन गेलं, आणि अजून कुठल्या ना कुठल्या शाळेतून फोन येतच असतो की मॅडम ते कसं आहे, आम्हालाही एक कंपनी देतेय, घ्यावं का. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव देत नाही. मी बघितलेली सगळी पॅकेजेस थोड्याफार फरकाने सारखीच आहेत, कॅटलॉगचं कव्हर तेवढं बदलतं.

आधी आमच्याबद्दल. शाळा निवासी, कर्णबधिर मुलांची, तालुक्याच्या गावी. वर्गात दहा मुलं, खोली साधारण वीस बाय अठरा फूट. दोघांना कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) झालेलं, चार-पाच जणांना कानात मशीन, बाकीच्यांना मशीनचा उपयोग नाही नाहीतर मशीन आहे पण सेल संपलेत (तो वेगळाच विषय आहे, त्यावर बसले तर हा रिव्ह्यू राहून जाईल). आपापसात सगळी साइनच (हातांच्या खुणांची भाषा) करतात. आम्हीही शिकवताना साइन, बोलणं, चित्रं, फळा, जे जमेल ते सगळं वापरतो.

पॅकेजमध्ये मिळालं ते असं: ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल (टचवर चालणारा मोठा स्क्रीन), त्यात भरलेला कंटेंट, डॉक्युमेंट कॅमेरा (टेबलावरचा कागद पॅनलवर दाखवणारा), वेबकॅम, यूपीएस, फॉल्स सीलिंग आणि त्यात एलईडी लाइट, ड्युअल डेस्क, भिंतींना रंग आणि चित्रं, खाली व्हिनाइल. किंमत काही लाखांत, आमच्या खिशातून गेली नाही म्हणून बरं. माझं मत आधीच सांगते, पॅनलला पाचपैकी चार आणि वर्गाला दीड. आणि तो दीडसुद्धा आम्ही नंतर स्वतः जे बदललं ते धरून.

बाकांपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त वादावादी तिथेच झाली. आमच्या वर्गात आधी एक जुनं सागवानी टेबल होतं, सलग, यू आकाराचं, गटश्रवणयंत्राच्या काळातलं. नवीन शिक्षकांना माहीत नसेल, पूर्वी बाईंच्या टेबलावर एक ॲम्प्लिफायर असायचा, त्याच्या वायरी टेबलाखालून प्रत्येक मुलापर्यंत गेलेल्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हे मोठे हेडफोन. भर सगळा बोलायला शिकवण्यावर. १८८० मध्ये इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षणाची परिषद झाली, तिथे ठराव झाला की खुणा नकोत, तोंडी बोलणंच शिकवायचं, आणि मुंबईत पहिली शाळा निघाली तीही त्याच दशकात, त्यामुळे आपल्याकडे ते वारं फार वर्षं टिकलं, हात हलवले की हातावर पट्टी बसायची हे आमच्या जुन्या माजी विद्यार्थ्यांकडूनच ऐकलंय. तो मिलानचा ठराव चुकीचा होता असं त्याच मालिकेतल्या परिषदेने कॅनडात व्हँकुव्हरला मान्य केलं तेव्हा २०१० साल उजाडलं होतं, म्हणजे १३० वर्षं. पण गंमत बघा, ओठ वाचता यावेत म्हणून जी यू आकाराची बैठक केलेली तीच साइनसाठीही सगळ्यात सोयीची निघाली, कारण प्रत्येकाला बाईंचं तोंड दिसतं, हात दिसतात आणि मुख्य म्हणजे एकमेकांचे हात दिसतात. यंत्र केव्हाच बंद पडलं, टेबल मात्र कामाला येत राहिलं.

कंपनीच्या माणसांनी ते पहिल्याच दिवशी उचलून व्हरांड्यात टाकलं आणि ड्युअल डेस्क एकामागे एक लावून जमिनीत स्क्रू मारून टाकले. विचारलं तर म्हणे लेआउट स्टँडर्ड आहे मॅडम, सगळ्यांची तोंडं पॅनलकडे. ऐकू येणाऱ्या मुलांना ते चालतं हो, मागच्या बाकावरचं पोरगं बोललं तरी पुढच्याच्या कानावर पडतं. आमच्याकडे मागच्याने उत्तर दिलं की पुढच्या सगळ्यांनी माना वळवायच्या, वळेपर्यंत उत्तर संपलेलं, मग ते मी परत करून दाखवायचं, तेवढ्यात पुढच्याला काहीतरी म्हणायचं असतं ते मागच्यांना पाठमोरं दिसतं, म्हणजे दिसतच नाही. वर्गातले वाद, एकमेकांच्या चुका काढणं, हसणं, सगळं बंद. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत. पहिल्या आठवड्यात वर्ग इतका शिस्तीत होता की बघायला आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केलं, आणि मला मात्र काहीतरी चुकतंय हे कळत होतं.

आमच्याकडे एक सर स्वतः डेफ आहेत, चित्रकला आणि साइन शिकवतात. त्यांनी मग एक काम केलं जे खरं तर कंपनीने करायला हवं होतं. सगळी मुलं बाहेर काढली, मला पॅनलपाशी उभं केलं आणि स्वतः एकेका जागेवर जाऊन बसले. प्रत्येक जागेवरून मी एकच शब्द फिंगरस्पेल करायचा, म्हणजे बोटांनी एकेक अक्षर दाखवायचं, आणि त्यांनी वाचायचा. आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन साइन लँग्वेज) इंग्रजी मुळाक्षरं बहुतेक दोन्ही हातांनी होतात आणि स्वर सगळे डाव्या हाताच्या बोटांवर, अंगठ्याला लावलं की ए, तर्जनीला ई, मधल्या बोटाला आय, अनामिकेला ओ, करंगळीला यू. समोरून बघितलं तर काही प्रश्न नाही. पण मागच्या कोपऱ्यातल्या बाकावरून, तेही पुढच्या पोराच्या डोक्यावरून तिरकं बघताना, मधलं बोट की अनामिका हे कळेचना. मी टी-आय-पी केलं, सरांनी टी-ओ-पी वाचलं. मी परत केलं, त्यांनी परत टॉपच वाचलं. सर जन्मापासून साइन करणारे, त्यांचं हे, मग तिसरी-चौथीतल्या पोराचं काय होत असेल? नंतर स्टाफरूममध्ये त्यांनी कागदावर वर्गाचा नकाशा काढून कुठल्या जागेवरून किती चुकलं ते लाल पेनने लिहिलं आणि तो कागद मुख्याध्यापक बाईंच्या टेबलावर ठेवला. बोलायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी स्क्रू काढले आणि व्हरांड्यातलं यू टेबल परत आत आलं.

या विषयावर जगात काम झालेलं नाही असं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनला गॅलोडेट विद्यापीठ आहे, १८६४ पासूनचं, बधिरांसाठीच काढलेलं. तिथे २००५ मध्ये हॅन्सेल बाउमन नावाच्या आर्किटेक्टने तिथल्याच बधिर विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना बसवून विचारायला सुरुवात केली की तुम्हाला इमारतीत काय खुपतं, काय बरं वाटतं. त्यातून डेफस्पेस हा प्रकार निघाला. दीडशेच्या वर बारीकसारीक गोष्टी त्यांनी लिहून काढल्यात, त्या पाच भागात बसतात: आजूबाजूचं किती जाणवतं, माणसांमधलं अंतर, चालता चालता बोलणं, उजेड आणि रंग, आणि आवाज. शेवटचा ऐकून लोक चमकतात, बधिरांच्या इमारतीत आवाजाचं काय? त्यावर खाली येते. बरं हे कागदावरच राहिलं असं पण नाही, त्यांच्या २००८ च्या सोरेन्सन इमारतीत आणि २०१२ च्या वसतिगृहात यातलं बरंच प्रत्यक्ष बांधलंय. मी तिथे गेलेले नाही, फोटो आणि व्हिडिओच बघितलेत, त्यामुळे तिथल्या इमारतींना स्टार देत नाही. पण ती यादी वाचताना आमचे सर मान हलवत होते, यातलं निम्मं आम्ही होस्टेलमध्ये असताना एकमेकांशी बोलायचो म्हणे.

आता उजेड. इथे मला कंपनीचा खरोखर राग आला. फॉल्स सीलिंगमध्ये चौकोनी एलईडी पॅनल बसवले आणि पंखे तेच जुने, दांडीवरून खाली लोंबणारे. म्हणजे लाइट वर आणि पंख्याची पाती त्याच्या खालून फिरणार. पंखा जोरात लावला की सगळ्या टेबलांवर, हातांवर, तोंडावर सावलीची फडफड. आपल्याला दोन मिनिटांनी त्याची सवय होते, लक्ष जात नाही. पण जी मुलं सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातांच्या हालचालीच वाचतायत त्यांच्या नजरेसमोर हात सारखा तुटक तुटक दिसणार. तिसऱ्या-चौथ्या तासाला मुलं डोळे चोळायला लागायची, एक मुलगी तर सरळ डोळे मिटून बसायची, आणि डोळे मिटले की आमच्याकडे शिकवणं बंदच. पंखा बंद करावा तर एप्रिलमध्ये पत्र्याखाली मुलं शिजतील. शेवटी दोन पंखे काढून भिंतीवरचे पंखे लावले आणि मधले दोन लाइट पंख्यांपासून बाजूला सरकवले. इलेक्ट्रिशियन गावातलाच, अर्ध्या दिवसाचं काम. कुठल्याही शाळेला सांगेन, बाकी काही नका करू, पण एकदा पंखा फुल स्पीडला लावून टेबलावर पांढरा कागद ठेवून बघा सावली हलते का.

त्यात लाइटचा रंग ६५०० केल्विन, एकदम दवाखान्यासारखा पांढराफटक. आम्ही नंतर ४००० वाले, जरा पिवळसर, मागून घेतले, ते त्यांनी बदलून दिले, याबद्दल आभार. खिडक्या डाव्या बाजूला आहेत ते ठीक, पण पॅनल बसवताना त्यांनी ते बरोबर खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावलं होतं, सकाळी दहापर्यंत त्यात आमची खिडकी आणि बाहेरची चिंच दिसायची, धडा दिसायचा नाही. सांगून सांगून ते शेवटी हलवलं. नवीन जागा कुठली तर दोन खिडक्यांच्या मधली! म्हणजे आता शिकवणाऱ्याच्या मागून उजेड. मागून उजेड आला की माणूस काळा दिसतो, तोंड दिसत नाही, भुवया दिसत नाहीत, आणि साइनमध्ये प्रश्न आहे की साधं वाक्य आहे हे निम्मं भुवयांवरच असतं. तिसऱ्यांदा हलवलं तेव्हा कुठे ते आडव्या भिंतीवर आलं. भिंतीला पडलेली भोकं अजून आहेत.

लोडशेडिंगचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं रोजचंच. पॅकेजमध्ये यूपीएस होता म्हणून आम्ही खूश, पण त्याला जोडलेलं काय तर फक्त पॅनल. म्हणजे ढग आलेले, लाइट गेली, वर्गात अंधार, आणि भिंतीवर ६५ इंच नुसते चमकतायत, समोर मी उभी, माझे हात काळे. ऐकणाऱ्या वर्गात लाइट गेली की गोंगाट वाढतो, आमच्या वर्गात लाइट गेली की बोलणंच थांबतं. हे त्या माणसाला समजावताना तो म्हणतो, मॅडम पण पॅनल चालू राहतोय ना. आता त्याच यूपीएसवर दोन एलईडी घेतलेत, एक शिकवणाऱ्याच्या जागेवर वरून थोडा पुढून पडणारा आणि एक यूच्या मध्यावर. त्यामुळे पॅनल पूर्वीपेक्षा कमी वेळ चालतं, चालेल.

भिंतींची तर कमालच. पॅनलच्या बाजूची भिंत, म्हणजे जिथे मी उभी राहणार तीच, तिच्यावर जिराफ, फुगे, इंद्रधनुष्य, मुळाक्षरांची आगगाडी, सगळं पिवळ्या आणि नारिंगी रंगात, वर ऑइल पेंटची चकाकी. फोटोत छान दिसतं, सीएसआरवाल्यांच्या रिपोर्टमध्ये तोच फोटो लागलाय. पण त्या जिराफासमोर माझे हात कुठे शोधायचे? डेफस्पेसवाल्यांचं म्हणणं असं की हात आणि चेहऱ्यामागचा रंग सगळ्या प्रकारच्या कातडीपेक्षा वेगळा उठून दिसला पाहिजे, म्हणून ते निळ्या-हिरव्या छटा घेतात, मंद, न चकाकणाऱ्या. आमच्या वर्गात गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या रंगाचे हात आहेत, त्यामुळे क्रीम, पिवळा, विटकरी हे सगळे बाद. आम्ही ती एक भिंत मोरपंखीच्या जवळच्या फिक्या रंगात मॅट फिनिशमध्ये काढून घेतली, बाकीच्या भिंतींवरची चित्रं आहेत तिथे मजेत राहू देत. आणि भिंत साधी झाल्यावर सरांनी मोर्चा आमच्या साड्यांकडे वळवला. बारीक छापील डिझाइन, काठाला जर, हातात काचेच्या बांगड्या, यातून साइन वाचताना डोळ्याला त्रास होतो हे त्यांनी जरा लाजतच सांगितलं. आता वर्गात खुंटीवर एक साधं गडद निळं जॅकेट टांगलेलं असतं, तासाला जी बाई येईल ती घालते. उन्हाळ्यात नको वाटतं पण पोरंच आणून देतात.

आता पॅनलबद्दल चांगलं बोलते, कारण ते खरंच चांगलं आहे. टच झकास, व्हिडिओ थांबवून त्यावरच रेघ मारून दाखवता येते, मोठं करून दाखवता येतं. डॉक्युमेंट कॅमेरा तर मला पॅनलपेक्षाही जास्त आवडला. गणित सोडवताना पूर्वी मी फळ्याकडे तोंड करून लिहायचे, म्हणजे मुलांकडे पाठ, मग वळून साइन करायची, परत पाठ. आता टेबलाशी बसून मुलांकडे तोंड करून वहीत लिहिते, ते वर दिसतं, पेन ठेवते, साइन करते. फक्त एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, आमच्या मुलांना एका वेळी एकच गोष्ट बघता येते. ऐकणारं मूल पॅनलवर बघत बघत बाईंचं ऐकतं, आमचं मूल एकतर पॅनल बघेल नाहीतर मला. म्हणून चित्र दाखवायचं, थांबायचं, त्यांची नजर परत आपल्याकडे आली की मगच हात उचलायचे. आणि शिकवणाऱ्याची जागा पॅनलला चिकटूनच हवी, मधे चार फूट अंतर पडलं की माना टेनिसची मॅच बघितल्यासारख्या इकडून तिकडे. स्लाइडचा बॅकग्राउंड पण पांढरा ठेवू नका, गडद ठेवा, पांढऱ्या स्लाइडपुढे उभं राहिलं की तोच मागून उजेडाचा प्रकार.

सगळ्यात भारी वापर मात्र कंपनीच्या माणसाला माहीतच नव्हता. वेबकॅम. तो म्हणे ऑनलाइन मीटिंगसाठी. आम्ही त्यावर मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड करतो. ऐकणारं मूल निबंध लिहितं, खोडतं, परत लिहितं. आमच्या मुलाने साइनमध्ये गोष्ट सांगितली की ती हवेत गेली, तिला खोडायची, सुधारायची सोयच नव्हती. आता एक मुलगा गोष्ट सांगतो, ती पॅनलवर मोठी करून सगळे बघतात, मग दुसरा उठून म्हणतो इथे वाघ कुठून आला ते कळलं नाही, तू त्याला आधी जंगलात उभं केलंसच नाहीस. की मग हा परत रेकॉर्ड करतो. चौथीतली पोरं एकमेकांचं व्याकरण काढतायत, हे मी नोकरीत पहिल्यांदा बघितलं. या एका गोष्टीसाठी मी पॅनलला चार दिलेत.

पाचवा कापला तो कंटेंटसाठी. सगळे व्हिडिओ आवाजावर चालणारे. मागे म्युझिक, कोणीतरी गोड आवाजात समजावतंय, पडद्यावर नुसता फिरणारा पृथ्वीचा गोळा. सबटायटल नाहीत, साइन तर विचारूच नका. विक्रीच्या वेळी सांगितलं होतं की दिव्यांग फ्रेंडली आहे, ते म्हणजे काय विचारलं तर अक्षरं मोठी करता येतात म्हणे. सरकारी बाजूने बघितलं तर काही नाही असं नाही. दिल्लीला आयएसएलचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये निघालं, त्यांच्या डिक्शनरीत २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले, २०२० मध्ये एनसीईआरटीशी (केंद्राची शाळेची पुस्तकं काढणारी संस्था) करार झाला आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांचे साइनमधले व्हिडिओ यायला लागले, डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्ही चॅनलांमधला ३१ नंबरचा चॅनल खास आयएसएलसाठी सुरू झाला. आम्ही पॅनलवर हेच जास्त वापरतो, फुकट आहे. पण आमची मुलं राज्याची, बालभारतीची पुस्तकं शिकतात, धडे जुळत नाहीत, त्यामुळे विज्ञान आणि गणितातलं तुकड्या-तुकड्याने उचलतो, मराठी आणि परिसर अभ्यासाचं मात्र आम्हीच सरांना उभं करून वेबकॅमवर बनवतो. कंपनीच्या कंटेंटला पैसे देत असाल तर देऊ नका, नुसतं पॅनल घ्या.

आवाजाचं सांगते म्हणाले होते. ज्यांच्या कानात मशीन किंवा इम्प्लांट आहे त्यांना घुमणारा वर्ग सगळ्यात वाईट, मशीन काय बाईंचा आवाज निवडून मोठा करत नाही, पंख्याची घरघर, बाक सरकल्याची किंचाळी, पत्र्यावरचा पाऊस, सगळंच मोठं करतं. त्या बाबतीत फॉल्स सीलिंग आणि व्हिनाइलने फरक पडला, घुमणं कमी झालं, याचं श्रेय कंपनीला. आम्ही मागच्या भिंतीला जाड सॉफ्ट बोर्ड आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच लावले. व्हिनाइलने एक गोष्ट मात्र सुधारली नाही, आधी शहाबादी फरशीवर पाय आपटला तर काही जाणवायचं नाही, आताही नाही. लाकडी जमीन असती तर पाय आपटून वर्गाचं लक्ष वेधता आलं असतं. ते जुनं यू टेबल सलग असल्यामुळे एका टोकाला थाप मारली की दुसऱ्या टोकाच्या पोराच्या कोपराला कळतं, वेगवेगळ्या डेस्कना ते नाही.

दार: कंपनीने जुनं ठोकळ्याचं दारच पॉलिश करून दिलं. त्याला आम्ही डोळ्याच्या उंचीवर उभी काच बसवली, मुलांच्या उंचीच्या हिशोबाने खालपर्यंत, आणि बाहेर एक बटण, आत एक लाल दिवा. तास संपल्याचा दिवा आधीपासून होताच. यूची उघडी बाजू पॅनलकडे आणि दार एका अंगाला, म्हणजे कोणाचीच पाठ दाराकडे येत नाही, कोण आलं ते सगळ्यांना दिसतं. दाराजवळ एक फळी पण ठोकलीय, कारण आयएसएलला बऱ्याचदा दोन्ही हात लागतात, पोरगं डबा, वही, बाटली घेऊन दारात उभं राहिलं तर ते मुकंच की, आधी सामान ठेवायला जागा द्या.

खुर्च्यांबद्दल पटकन: हात असलेल्या नकोत, कोपरं अडकतात. चाकाच्या चांगल्या, वळायला सोपं जातं, पण मधल्या सुट्टीत रेस लागते, तेव्हा ब्रेकवाली चाकं घ्या. ड्युअल डेस्क आम्ही शेजारच्या प्राथमिक शाळेला देऊन टाकले, त्यांना ते आवडले. ट्रॅपेझॉइड (एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद) टेबलं मिळतात बाजारात, ती जोडून अर्धगोल होतो, ज्यांच्याकडे जुनं टेबल नाही त्यांनी ती बघावीत. दहाच्या वर मुलं असतील तर एक यू पुरत नाही, टोकाच्या मुलांना परत तिरकं दिसायला लागतं.

आता सर्व्हिस. ट्रेनिंगला जो मुलगा आला तो अख्खा वेळ पॅनलकडे तोंड करून बोलत होता. आमचे सर आणि अजून एक डेफ मदतनीस ताई समोर बसलेले, त्यांना काहीच मिळालं नाही, मी मधे उभी राहून इंटरप्रिट करत राहिले तर त्याने मलाच विचारलं, मॅडम तुम्हाला बरं नाही का. वॉरंटी तीन वर्षांची, पण तक्रार नोंदवायची तर टोल फ्री नंबर, तोही एक दाबा, दोन दाबा वाला. कर्णबधिर शाळेला विकलेल्या वस्तूची तक्रार करायला फक्त फोन! सरांनी ईमेल केला तर उत्तर आलं की कृपया आमच्या हेल्पलाइनवर कॉल करा. एकदा पॅनल बंद पडलं तेव्हा माझी बाळंतपणाच्या रजेवरची सहकारी घरून फोन करून तक्रार नोंदवत होती, कारण शाळेत त्या दिवशी फोनवर बोलणारं कोणी मोकळं नव्हतं. माणूस मात्र आला, दोन दिवसांत दुरुस्त करून गेला, त्याच्याबद्दल तक्रार नाही, सभ्य पोरगा होता आणि जाताना मुलांकडून थँक्यू ची साइन शिकून गेला.

आमच्या बदलांना एकूण खर्च किती आला हे पण सगळे विचारतात. रंग, दोन भिंतीवरचे पंखे, लाइट सरकवणं, काच, दिवा, फळी, रबरी बूच, सगळं मिळून वीस हजारांच्या आत. म्हणजे लाखांचं पॅकेज एकीकडे आणि वर्ग शिकवण्यालायक झाला तो यावर. पॅनल नसतं आणि एवढंच केलं असतं तरी मुलांना जास्त फायदा झाला असता असं माझं मत आहे, मुख्याध्यापक बाईंचं मत वेगळं आहे, त्यांना वेबकॅम फार आवडतो.

तर घेणार असाल तर ऑर्डर देताना कागदावर लिहून घ्या: फर्निचर जमिनीला फिक्स करायचं नाही, पॅनलची जागा शाळा ठरवेल, लाइट पंख्याच्या वर नकोत, शिकवणाऱ्यामागची भिंत एकरंगी आणि मॅट, यूपीएसवर आधी लाइट मग पॅनल, कंटेंटला सबटायटल नसतील तर कंटेंटचे पैसे वजा. फायनल पेमेंटच्या आधी तुमच्या शाळेतल्या डेफ शिक्षकांना, नसतील तर एखाद्या माजी विद्यार्थ्याला, प्रत्येक खुर्चीवर बसवून त्यांची सही घ्या. आणि टोल फ्री नंबर देतील तो परत करून व्हॉट्सॲप नंबर मागा, व्हिडिओ कॉल उचलणारा.